‘ठाणेमध्ये’ छापणारं सॉफ्टवेअर

“आपण दि. ०१/०९/२०२५ पासून आमच्या ठाणेमधील शाखेत रुजू होत आहात.”

नेमणूकपत्रातलं असं वाक्य हातानं लिहिणारा माणूस लिहीत नाही. तो सरळ ‘ठाण्यातील’ लिहितो. ‘ठाणेमधील’ हे साच्यातून पडलेलं मराठी आहे. साच्यात एक रिकामी जागा, तिला ‘मधील’ चिकटवलेलं, आणि शाखांच्या यादीतून ‘ठाणे’ उचलून त्या जागी टाकलेलं. ‘कुर्लाला’, ‘वांद्रेचा’, ‘माटुंगामध्ये’ हे सगळे त्याच घरातले.

कोटेशन, बिलं, पगाराच्या स्लिपा, सोसायटीची मेंटेनन्सची बिलं, थकबाकीच्या नोटिसा, अनुभवपत्रं, करारनामे. अंधेरीच्या एमआयडीसीतला कारखाना असो की मशीद बंदरची पेढी, आज हे कागद यादी आणि साचा जोडून निघतात. पाचशे पत्रं पाच मिनिटांत होतात हा फायदा मोठा आहे आणि तो कुणी सोडू नये. पण या सॉफ्टवेअरची मुळातली उणीव ओळखून ते वापरायला हवं: कागद निघाला की नाही एवढंच ते बघतं, बरोबर निघाला का हे बघत नाही. आणि चुका बहुतेक एकाच जागी होतात, साच्यातला मजकूर आणि यादीतली माहिती जिथे एकमेकांना भिडतात त्या सांध्यावर.

सामान्यरूप नावाची अडचण

बहुतेक साचे इंग्रजीच्या हिशेबानं बांधलेले असतात. इंग्रजीत शब्दयोगी अव्यय नावाच्या आधी सुटं येतं, नावाला धक्का लागत नाही. मराठीत प्रत्यय नावाला लागतो आणि लागण्याआधी नावच बदलतं. ठाणे–ठाण्यात, कुर्ला–कुर्ल्याला, वांद्रे–वांद्र्याचा, गोरेगाव–गोरेगावात, पण दादर–दादरला. हा बदल कुठलंही साधं टेम्प्लेट करून देत नाही.

यावर जुन्या छापखान्यांनी उत्तर शोधून ठेवलं आहे. छापील अर्ज आठवा: “श्री./श्रीमती ______ राहणार ______ यांनी”. रिकाम्या जागेला प्रत्यय कधीच चिकटवलेला नसायचा, तो पुढच्या ‘यांना’, ‘यांनी’, ‘येथील’, ‘या शाखेत’ अशा सुट्या शब्दावर जायचा. सरकारी मराठी रुक्ष वाटते त्यामागे हेही एक कारण आहे, आणि साच्यापुरता तो रुक्षपणा उपयोगी आहे. ‘ठाणे येथील शाखेत’ लिहा, यादीत पुढे कुठलंही गाव आलं तरी वाक्य उभं राहतं. पत्र जरा घरगुती हवं असेल तर गावांच्या यादीत दुसरा स्तंभ ठेवून त्यात ‘ठाण्यात’, ‘कुर्ल्यात’, ‘दादरमध्ये’ अशी तयार रूपं भरायची. शाखा वीस-पंचवीस असल्या तर अर्ध्या तासाचं काम आहे.

लिंग-वचनाचं दुखणं यापेक्षा खोल आहे. अनुभवपत्रात ‘हे आमच्याकडे कार्यरत होते’ आणि ‘या आमच्याकडे कार्यरत होत्या’ यांत सर्वनाम बदलतं आणि क्रियापदही. साच्यात प्रत्येक ठिकाणी ‘जर स्त्री असेल तर’ अशी अट घातली की चार वाक्यांत एक तरी अट राहून जाते, आणि ‘श्रीमती’नंतर ‘ते’ छापलं जातं. त्याऐवजी वाक्याचा प्रयोगच बदलावा. ‘यांनी लेखापाल म्हणून काम केले’ या वाक्यात क्रियापद ‘काम’ या शब्दाप्रमाणे चालतं, माणसाच्या लिंगाशी त्याचा संबंध उरत नाही. ‘त्यांची वर्तणूक चांगली होती’ हेही तसंच. पत्राचा संपूर्ण मजकूर असा बसवता येतो आणि एकही अट लागत नाही. वचनासाठी ‘३ हप्ता थकीत आहे’ टाळायचं तर ‘थकीत हप्ते: ३’ असं लिहावं.

नावाचेही तसेच हाल. परदेशी घडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये नावाला दोन खणं असतात, पहिलं नाव आणि आडनाव. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि शाळेच्या दाखल्यापासून बऱ्याच नोंदींत आडनाव आधी. महाराष्ट्र शासनाच्या मार्च २०२४च्या निर्णयानुसार १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदांवर नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. म्हणून चार सुटी खणं ठेवावीत, आणि शिवाय ‘कागदावर छापायचं पूर्ण नाव’ असं पाचवं खण ठेवून ते माणसाकडूनच भरून घ्यावं. सॉफ्टवेअरला नाव जोडायला सांगू नये.

एक्सेलमधून वर्डमध्ये येताना

मेल मर्ज, म्हणजे एक्सेलची यादी वर्डच्या साच्यात भरणं, अजून हजारो कचेऱ्यांचा आधार आहे, आणि त्यातले घोळ ठरलेले आहेत. एक्सेलच्या खणात दिसतं ते वर्डमध्ये येत नाही. खणाच्या मागे साठवलेलं मूल्य येतं. एक्सेलमध्ये ०५/०४/२०२५ दिसणारी तारीख पत्रात महिना आधी अशी उतरते आणि ५ एप्रिलचा ४ मे होतो. तारीख १२च्या पुढची असेल तर चूक चटकन दिसते, १२पर्यंतची असेल तर कुणाच्या लक्षात येत नाही. मर्ज फील्डला, म्हणजे साच्यातल्या रिकाम्या जागेला, तारखेचा स्विच (तारीख कशी छापायची याची सूचना) लावता येतो, पण त्यात महिन्यासाठी एम अक्षर कॅपिटलच हवं. लहान एम म्हणजे मिनिटं. रकमेचंही तसंच, दोन दशांशांची रक्कम कधी कधी लांबलचक शेपटीसह उतरते.

सगळ्यात भरवशाचा मार्ग असा: एक्सेलमध्येच टेक्स्ट फंक्शन वापरून तारीख आणि रक्कम मजकूर बनवायची, त्यांचे वेगळे स्तंभ करायचे, आणि वर्डला फक्त तेच स्तंभ जोडायचे. हिशेबाचे मूळ स्तंभ वेगळे राहतात, त्यांना हात लागत नाही.

मुंबईच्या पत्त्यांवर एक्सेल फार अन्याय करतं. चाळीतला पत्ता ‘१२/४’, म्हणजे बारा नंबरची चाळ, चार नंबरची खोली, टाइप केला की त्याची तारीख होते. नंतर फॉरमॅट बदलून उपयोग नसतो, कारण मूळ मजकूर तेव्हाच पुसला गेलेला असतो. १६ अंकी खातं क्रमांक आकडा म्हणून भरला तर शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक असतं. म्हणून स्तंभ आधी ‘टेक्स्ट’ करायचा आणि मग भरायचा. हा क्रम उलटा झाला की नुकसान झालेलं असतं.

आणखी एक खोडी आहे जी महिनोन्महिने सापडत नाही. वर्ड ज्या जोडणीतून एक्सेल वाचतं ती स्तंभाचा प्रकार सहसा पहिल्या आठ ओळींवरून ठरवते. सोसायटीच्या यादीत पहिल्या आठ फ्लॅटचे क्रमांक १०१, १०२ असे नुसते आकडे आणि नवव्यापासून ‘बी-१०१’ आले, तर बी विंगचे क्रमांक बिलावर कोरे येतात. लांब मजकुराचंही तसंच: पहिल्या आठ ओळींत शेरे छोटे असतील तर पुढचा मोठा शेरा २५५ अक्षरांवर कापला जातो. सर्वांत लांब मजकुराची ओळ यादीत वर आणून ठेवली की हे टळतं.

पत्त्याला दोन ओळी, शहर, राज्य आणि पिनकोड अशी रचना मुंबईला पुरत नाही. खोली, चाळ किंवा विंग, इमारत, संस्था, रस्ता, ‘अमुक समोर’ ही खूण, उपनगर, आणि पूर्व की पश्चिम, एवढं सगळं लागतं. यातलं शेवटचं शहराच्या खणात कोंबलं तर कापलं जातं आणि दादर पश्चिमचं टपाल (४०००२८) दादर पूर्वेला (४०००१४) फिरून येतं. पूर्व-पश्चिमला स्वतंत्र खण द्यावं आणि पिनकोडशी ताडून पाहावं.

साच्याच्या पोटात काय असतं

वर्डची फाइल म्हणजे आतून एक्सएमएल फाइलींचं झिप केलेलं गाठोडं. महिरपी कंसांत लिहिलेलं चलनाम, म्हणजे माहिती जिथे भरायची त्या जागेचं नाव, डोळ्यांना सलग दिसतं, पण तुम्ही मध्येच एखादं अक्षर दुरुस्त केलं किंवा स्पेलिंग तपासणीनं खाली लाल रेघ मारली, की आतमध्ये त्याचे दोन-तीन तुकडे होतात. मग शोधा-आणि-बदला करणाऱ्या प्रोग्रामला ते सापडत नाही, आणि ग्राहकाला कंसांसकट पत्र जातं. चलनाम रोमन अक्षरांत ठेवावं, नोटपॅडमध्ये टाइप करून एकदम साधा मजकूर म्हणून चिकटवावं. दुरुस्ती करायची तर संपूर्ण पुसून पुन्हा चिकटवावं. कंटेंट कंट्रोल (वर्डमधली माहिती भरायची तयार खणं) वापरता आले तर त्याहून बरं. आणि तयार फाइलीत महिरपी कंस शिल्लक आहे का हे पाठवण्याआधी प्रोग्रामनंच तपासावं. एवढी एक तपासणी पुष्कळ लाज वाचवते.

मराठीची खास अडचण अशी की वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ समजतं आणि तिचा फाँट, आकार आणि ठळकपणा रोमन मजकुरापासून वेगळा साठवतं. रोमनचा आकार ‘एसझेड’मध्ये, देवनागरीचा ‘एसझेड-सीएस’मध्ये. कागद तयार करणाऱ्या अनेक प्रोग्रामांना फक्त पहिला ठाऊक असतो. पायथन भाषेतून वर्डच्या फाइली बनवणाऱ्या पायथन-डॉक्समध्ये फाँटचं नाव आणि आकार दिला तरी तो रोमनलाच लागतो. म्हणून शीर्षकातलं ‘इनव्हॉइस’ रोमनमध्ये ठळक आणि मोठं, आणि शेजारचं ‘बीजक’ बारीक, असा कागद निघतो. उपाय सोपा आहे: रूप प्रोग्राममधून द्यायचंच नाही. साच्यात स्टाइल तयार करून तिच्यात दोन्ही लिप्यांचा फाँट ठरवायचा आणि प्रोग्रामनं फक्त स्टाइलचं नाव लावायचं.

जुन्या साच्यांत श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर असतो. त्यात युनिकोड नाव टाकलं की एक भाग वाचता येतो आणि दुसरा कचरा दिसतो. कन्व्हर्टरवर विसंबून चालत नाही, जोडाक्षरं आणि रफार एकेक करून वाचावे लागतात. कितीही कंटाळवाणं असलं तरी हे काम एकदाच करायचं आहे.

युनिकोडमध्ये आल्यावरही सावध राहावं लागतं. ‘ॲ’ हे अक्षर २००८ साली युनिकोड ५.१मध्ये एकसंध आलं. त्याआधीचे लोक ‘अ’वर चंद्र देऊन लिहायचे आणि पुष्कळ कीबोर्ड अजून तसंच लिहितात. डोळ्यांना दोन्ही ‘ॲड.’ एकच, संगणकाला दोन निराळे शब्द. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन-तीन प्रकारे लिहिता येतो, त्याचीही तीच कथा. पक्षकाराचं नाव एका यादीतून दुसरीत शोधून पत्ता उचलायचा असेल तर तो सापडत नाही आणि जागा कोरी राहते. नावावरून जोडणी करूच नये. प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि त्यावरून जोडावं.

पीडीएफला अक्षरं नुसती ओळीनं मांडून भागत नाही. ‘ि’ टाइप होतो व्यंजनानंतर आणि दिसतो आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. हे मांडण्याचं काम शेपिंग इंजिन करतं, आणि साध्या पीडीएफ लायब्रऱ्यांत ते नसतं. मग ‘कर्ज’ हा शब्द ‘कर् ज’ असा येतो. क्रोम, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस हार्फबझ हे इंजिन वापरतात, म्हणून कागद एचटीएमएलमध्ये बनवून खिडकी न उघडता चालणाऱ्या (हेडलेस) क्रोममधून पीडीएफ काढणं, किंवा वर्डची फाइल लिबरऑफिसमधून बदलून घेणं, हे मराठीसाठी जास्त भरवशाचं. कुठलंही सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी एक ओळ त्यातून छापून बघा: “दुसऱ्या हप्त्याची रक्कम ₹ १,२५,३४०, ॲडव्हान्स वळता, कर्जमुक्ती, श्री, क्ष, ज्ञ, ट्र”. मग त्या पीडीएफमधली ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. छापील रूप बरोबर असूनही चिकटवलेला मजकूर विस्कटलेला निघाला, तर त्या फाइलींत पुढे कधीच काही शोधता येणार नाही.

सर्व्हरवर देवनागरी फाँट नसला तर चौकोन येतात, ते तरी दिसतात. फाँट वेगळा असला तर मजकूर नीट दिसतो पण ओळी लांबतात आणि पानं सरकतात. मंगल हा मायक्रोसॉफ्टचा फाँट, लिनक्स सर्व्हरवर तो नसतो. नोटो सान्स देवनागरीसारखा दोन्हीकडे टाकता येणारा फाँट ठरवून तोच पीडीएफमध्ये अंतर्भूत करावा. पानाचा आकारही तपासा. अमेरिकी सॉफ्टवेअरचा मूळ आकार लेटर, २१६ × २७९ मिमी, असतो आणि आपला ए-फोर २१० × २९७. लेटरहेडवर छापताना तळाचा मजकूर त्यामुळेच हलतो.

रक्कम

अक्षरी रक्कम हा सगळ्यात नाजूक भाग. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१च्या कलम १८प्रमाणे धनादेशासारख्या कागदावर आकडी आणि अक्षरी रकमेत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरतात. तरीही एक्सेलमध्ये यासाठी आपल्या कामाचं फंक्शन नाही. थायी बाथसाठी आहे, रुपयांसाठी नाही. लोक मायक्रोसॉफ्टच्या मदतपानावरचा मॅक्रो (एक्सेलमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) उचलतात, तो डॉलर आणि मिलियनमध्ये बोलतो, आणि त्यात वरवर डागडुजी करून ‘वन हंड्रेड ट्वेंटी फाइव्ह थाउजंड रुपीज’ छापतात.

मराठीत दशक आणि एकक जोडून आकडा बनत नाही. एकोणतीस, त्रेसष्ट, अठ्ठ्याण्णव, प्रत्येकाचं रूप स्वतंत्र. म्हणून १ ते ९९चा पूर्ण तक्ताच लागतो. त्यानंतर कोटी, लाख, हजार, शे आणि उरलेलं असे भाग पाडायचे. नेमकं शंभर उरलं तर ‘शंभर’ आणि त्यापुढे काही असलं तर ‘एकशे’, ही अट बरेच जण विसरतात. हिंदीचा तक्ता मराठी म्हणून लावलेला नाही ना, हे ‘पंचवीस’ छापून बघितलं की कळतं. तपासायला ०, १००, १०१, १,१००, ९९,९९९, १,००,०००, १,००,००,००० आणि पैसे असलेली एक रक्कम पुरे. आणि अक्षरं पूर्णांक केलेल्या रकमेवरूनच काढा. नाहीतर १,१७,९९९.६०च्या बिलावर आकड्यांत १,१८,००० आणि अक्षरांत ‘एक लाख सतरा हजार नऊशे नव्याण्णव’ असं येतं.

लाख-कोटीच्या स्वल्पविरामांसाठी एक्सेलचा जो अटींचा फॉरमॅट सगळीकडे फिरतो त्यात अटी दोनच देता येतात: एक कोटीच्या वर आणि एक लाखाच्या वर. ऋण रकमा उरलेल्या तिसऱ्या भागात पडतात. त्यामुळे बिल २,५०,०००चं आणि त्याचीच क्रेडिट नोट (बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद) -२५०,०००ची दिसते. ऋण रकमांना उलट चिन्हाचा वेगळा फॉरमॅट द्यावा लागतो.

करात जवळच्या पैशापर्यंतची रक्कम ओळवार धरायची की बेरजेवर, हे साचा बनवण्याआधी ठरवा. ९९.५० रुपयांच्या तीन ओळी, ९ टक्के सीजीएसटी (केंद्राचा जीएसटी): ओळवार ८.९६ प्रमाणे २६.८८, बेरजेवर २६.८७. एक पैसाच, पण हिशेबाचं सॉफ्टवेअर एक रीत धरतं आणि कागदाचं सॉफ्टवेअर दुसरी, आणि महिन्याअखेरीला ताळा लागत नाही.

करांचे दर साच्यात लिहून ठेवणं ही सर्रास दिसणारी चूक. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले, तेव्हा दर ज्यांच्या टेम्प्लेटमध्ये होते त्यांना एकेक साचा उघडावा लागला. दर तक्त्यात असावा आणि त्याला ‘या तारखेपासून’ असा स्तंभ असावा, म्हणजे जुन्या पुरवठ्याची क्रेडिट नोट जुन्याच दरानं निघते. व्यवसाय करही तसाच: १०,०००च्या वर पगार असलेल्या पुरुषाला महिना २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाचे २,५००, स्त्रियांना एप्रिल २०२३पासून २५,०००पर्यंत माफ. साच्यात नुसतं २०० लिहिलं की फेब्रुवारीची प्रत्येक स्लिप चुकते.

बिलाच्या क्रमांकावर सीजीएसटी नियम ४६ची मर्यादा आहे: जास्तीत जास्त १६ चिन्हं, अक्षरं, आकडे, आडवी आणि तिरकी रेघ एवढंच, आणि आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. मुंबईसाठी तीन अक्षरं, तिरकी रेघ, २०२५-२६, पुन्हा तिरकी रेघ आणि चार आकडे, एवढ्यात नेमकी सोळा चिन्हं भरतात. दहा हजारावं बिल आलं की सतरा. ते ऐन मार्चमध्ये आलं तर मालिका बदलायलाही उसंत नसते, म्हणून वर्ष ‘२५२६’ असं आखूड लिहावं. पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३पासून ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, लागू आहे. त्याचा आयआरएन, म्हणजे नोंदणीनंतर मिळणारा संदर्भ क्रमांक, २४ तासांतच रद्द करता येतो, आणि रद्द केलेल्या बिलाचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. म्हणजे कच्च्या मसुद्याला क्रमांक देणारं सॉफ्टवेअर इथे घातक ठरतं. क्रमांक मंजुरीच्या क्षणीच पडला पाहिजे.

करारनाम्यात सह्यांचा भाग एकटाच शेवटच्या पानावर गेला तर त्या पानाआधी कुठलाही मजकूर जोडता येतो. माहिती एका ओळीनं वाढली की हे घडतं. सह्यांच्या आधीच्या निदान दोन परिच्छेदांना ‘पुढच्यासोबत ठेवा’ हे लावा, तक्त्याच्या ओळींना ‘पानावर तुटू देऊ नका’, आणि प्रत्येक पानाखाली ‘पान ३ पैकी २’ असा क्रमांक. तो क्रमांक फील्डमधून येत असेल तर तयार फाइल पीडीएफ करण्याआधी फील्ड ताजी झालीत ना ते बघा; बऱ्याच प्रोग्रामांत ती होत नाहीत आणि अठरा पानांच्या करारावर ‘पान १ पैकी २’ छापलं जातं.

आणि पाठवलेला पीडीएफ आहे तसा जपून ठेवा, सोबत साच्याची आवृत्ती आणि त्या दिवशीची माहितीची ओळ. ‘लागेल तेव्हा पुन्हा काढू’ या सोयीवर बरीच सॉफ्टवेअरं चालतात. पण ग्राहकाचा पत्ता बदलल्यावर मागच्या वर्षीचं बिल पुन्हा काढलं, तर त्यावर नवा पत्ता येतो, आणि ते बिल ग्राहकाकडच्या प्रतीशी जुळत नाही.